यादवीतल्या देशात मुलांचं घर चालवताना

आफ्रिकेतल्या मोझांबिकबद्दल बोलायचंय मला आज. यादवी चालू असलेल्या देशात अनाथाश्रम काढायला निघालेल्या कुणीही आधी तिथं काय झालं ते बघावं असं मला मनापासून वाटतं. गोव्याच्या मंडळींना हा देश नवा नाही, पोर्तुगीजांच्या काळात कितीतरी घरातली माणसं तिकडं गेली होती. १९७५ ला स्वातंत्र्य मिळालं आणि दोनच वर्षांत फ्रेलिमोचं सरकार आणि रेनामोचे बंडखोर यांच्यात जे पेटलं ते थेट १९९२ च्या रोमच्या करारापर्यंत चालू राहिलं, युद्ध आणि दुष्काळ मिळून दहाएक लाख माणसं गेली, आणि त्यात पळापळीत हात सुटलेली पोरं, रेनामोने गावातून उचलून नेलेली पोरं, किती ते विचारूच नका.

अशा वेळी कुणाच्याही मनात पहिलं हेच येतं की मोठी इमारत बांधू, शंभर खाटा टाकू. तिथल्या सरकारने मात्र ठरवलं की आश्रम शक्यतो नकोत, घरचे शोधायचे. हातात पैसा नसलेल्या सरकारचा हा निर्णय मला फार मोठा वाटतो. कारण गावात उपासमार आणि तुमच्याकडे दोन वेळचं जेवण न् शाळा, मग आईबापच पोर आणून सोडणार ना, त्यांचं काय चुकलं? पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात हेच झालं, आश्रम वाढत गेले आणि आतल्या बऱ्याच मुलांचे आईवडील नाहीतर जवळचे नातेवाईक जिवंत होते.

म्हणून मी म्हणते, स्वयंपाकघराइतकंच रजिस्टर सांभाळा. पोर आलं त्याच दिवशी फोटो काढा, कुठं सापडलं, कुणी आणलं, अंगावर काय होतं सगळं लिहा. चार वर्षांच्या पोराला आईचं नाव विचारलं तर ते ‘आई’ एवढंच सांगणार, मग पाणी कुठनं आणायचात, नदी होती का विहीर, शेजारी कोण, आजी काय म्हणून हाक मारायची, असं खेळता खेळता विचारत राहायचं. आणि भावंडं एकत्र ठेवा, वयाप्रमाणे खोल्या पाडायच्या नादात धाकट्याला एकीकडे न् ताईला दुसरीकडे टाकू नका.

१९८८ साली मोझांबिकच्या राजधानीत, मापुतोत, ल्हांगेने नावाचं केंद्र होतं, रेनामोच्या तळांवरून सुटून आलेले मुलगे तिथं ठेवले होते, काहींच्या हातात बंदूक दिलेली होती. त्यातल्या ३९ जणांची पुढं सोळा वर्षं माहिती ठेवली गेली. केंद्रात त्यांना रोजचं ठरलेलं वेळापत्रक होतं, खेळ, चित्रं, विश्वासाची मोठी माणसं, आणि काही महिन्यांत घरी पाठवणं. गावात गेल्यावर पुष्कळ ठिकाणी शुद्धीचा विधी झाला, पोराला अंघोळ घालायची, पूर्वजांना सांगायचं की हा परत आलाय. बहुतेक जण पुढं संसाराला लागले, शेती, नोकरी करू लागले. वर्ष वर्ष तळावर राहिलेल्यांना जास्त जड गेलं.

ज्यांचं कुणीच सापडलं नाही त्यांना गावातल्याच दुसऱ्या कुटुंबात ठेवलं. पण तिथंही मधूनमधून कुणीतरी जाऊन बघायलाच लागतं, पोर शाळेत जातंय की दिवसभर नुसतं पाणी न् लाकडं वाहतंय.