सायकलीला सावली द्या

नमस्कार श्रोतेहो.

मे महिना, दुपारचे तीन. जळगावच्या एमआयडीसीतली पाळी सुटली होती. पंक्चर काढणाऱ्याच्या टपरीशेजारी निंबाचं एक झाड आहे, तिथे मी उभा होतो. चटईच्या कारखान्यातला एक कामगार सायकल हातात धरून तिथे आला. डोक्याला रुमाल, हँडलला डब्याची पिशवी. आल्या आल्या त्याने बाटलीतलं पाणी ओंजळीत घेतलं आणि आधी सायकलीच्या सीटवर शिंपडलं. मग उरलेलं स्वतः प्यायला. माणूस मूळचा अमळनेरकडचा. मी विचारलं, एवढ्या उन्हात रोज येता? तो म्हणाला, "उन्हानं काही नही भाऊ, पन मांगेतून टरक ऊना का जीव घाबरस."

उन्हाचं काही नाही, मागून ट्रक आला की जीव घाबरतो, असं तो म्हणाला खरा. पण सीटवर शिंपडलेलं ते पाणी मी पाहिलं होतं.

मी भूगोल शिकवण्यात आयुष्य घालवलं आणि शाळेत सायकलवरच गेलो. आज मला तुमच्याशी बोलायचं आहे ते शहरांच्या हवामान आराखड्याबद्दल, म्हणजे शहराने धूर कसा कमी करायचा आणि वाढत्या उन्हाला तोंड कसं द्यायचं, याच्या योजनेबद्दल. मुंबईने आपला हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये जाहीर केला. पुण्याने त्याआधी, २०१७ मध्ये, शहरभरासाठी सायकल आराखडा केला. राज्याचं 'माझी वसुंधरा' अभियान २०२० पासून सुरू आहे. भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश ही त्याची पाच तत्त्वं. जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ या आपल्या शहरांचे आराखडे जेव्हा लिहिले जातील, तेव्हा त्यांत सायकलीला मानाचं पान मिळालं पाहिजे. आणि ते पान खान्देशच्या उन्हाकडे बघून लिहिलं पाहिजे.

आधी धुराचा हिशेब करू. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मोटारसायकल लिटरला पन्नास किलोमीटर देते असं धरा. कामावर जाऊन-येऊन आठ किलोमीटर, वर्षाचे तीनशे दिवस. म्हणजे ४८ लिटर पेट्रोल आणि ११० किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. कापूस मोजणाऱ्या आपल्या माणसांना सांगायचं तर एका क्विंटलहून जास्त, आणि हे एकाच गाडीचं, एकाच वर्षाचं. आपली शहरं काही अफाट पसरलेली नाहीत. शाळा, बाजार, कचेरी, कारखाना, बहुतेकांचं काम तीन-चार किलोमीटरच्या आत असतं. एवढं अंतर सायकलीचंच.

आणि सायकल घरात नाही असंही नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या ४४.८ टक्के घरांत सायकल होती, स्कूटर-मोटारसायकल २१ टक्के घरांत. सरकारकडून शाळकरी मुलींनाही सायकली मिळतात. मुलगी चार दिवस आनंदाने चालवते. मग महामार्ग ओलांडायचा म्हटलं की आईच्या पोटात गोळा येतो, आणि सायकल ओट्याच्या भिंतीला लागते ती लागतेच. त्या माऊलीला दोष कसा द्यायचा? सुरत-नागपूर महामार्गाचा जुना रस्ता जळगाव शहराच्या मधून जातो. आकाशवाणी चौकात, अजिंठा चौकात पाच मिनिटं उभे राहा. सायकलवाल्याने नेमकं कुठून जावं, हे तिथे कुणीही सांगू शकणार नाही.

आता उन्हाबद्दल, कारण दुसऱ्या शहराची नक्कल केली तर नेमकं हेच सुटेल. जळगाव-धुळे २१ अंश उत्तर अक्षांशाच्या अगदी जवळ आहेत. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. सावली पायाखाली जाते. त्या वेळी कंपाउंडची भिंत सावली देत नाही, उंच इमारतही देत नाही. सावली देतो तो फक्त डोक्यावर पसरलेला झाडाचा डेरा. पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना डांबराला लागून पांढरा पट्टा मारला आणि त्याला सायकल मार्ग म्हटलं, तर त्यावरून कोण जाईल?

रावेर-यावलकडचा केळीवाला हे न शिकवता जाणतो. उन्हाळ्यात गरम वारा येतो त्या बाजूने तो बागेला शेवरीची नाहीतर गजराज गवताची कड लावतो, हिरवी जाळी बांधतो. झाड होरपळू नये म्हणून. केळीच्या खोडाला जेवढी माया आपण देतो, तेवढी रस्त्यावरच्या माणसाला द्यायला काय हरकत आहे?

म्हणून माझं मागणं असं आहे की सायकलीचा रस्ता आणि झाडांची रांग आराखड्यात एकाच कामात धरावी, एकाच निधीत. आज रस्ता एका विभागाचा, झाड दुसऱ्याचं, गटार तिसऱ्याचं. रस्ता रुंद होतो, निंब-चिंचा जातात, आणि नवी रोपं जातात गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर, जिथून कुणी चालत नाही. उत्तर-दक्षिण रस्ता असेल तर पश्चिमेच्या कडेला निंब, करंज लावा, म्हणजे पाळी सुटताना, शाळा सुटताना सावली मार्गावर पडेल. पूर्व-पश्चिम रस्त्याला दोन्ही कडांनी लावा. मार्ग नुसत्या रंगाने वेगळा करू नका, दगडी कठड्याने करा. नाहीतर आठवड्याभरात तिथे गाड्या लागतील.

आणि गटाराच्या जाळ्या! हे मी अंगावर घेतलेलं आहे. पावसाळ्याच्या एका संध्याकाळी माझं पुढचं चाक जाळीच्या दोन गजांमध्ये गेलं. गज रस्त्याच्या दिशेने उभे होते. मनगटाला सहा आठवडे प्लास्टर होतं. तेच गज आडवे बसवले असते तर चाक वरून निघून गेलं असतं. त्याला जास्तीचं लोखंड लागत नाही, नकाशा काढणाऱ्याच्या डोळ्यासमोर सायकल असावी लागते.

जळगावच्या मेहरूण तलावावर सकाळी व्यायामासाठी सायकल चालवणारी तरुण मंडळी मला फार आवडतात. पण पहिला मार्ग तलावाभोवती नको, तो कारखान्याच्या, शाळेच्या, भाजीबाजाराच्या वाटेवर हवा. ज्याला सायकलीवाचून पर्याय नाही, त्याच्यापासून सुरुवात व्हावी.

आराखड्याचा मसुदा निघाला, हरकती आणि सूचना मागवल्या गेल्या, की कृपा करून लिहा. 'सायकलला प्रोत्साहन द्यावं' एवढंच लिहू नका. रस्त्याचं नाव लिहा, कुठून कुठपर्यंत ते लिहा, झाडं कोणत्या कडेला, कोणत्या जाळीचे गज फिरवायचे, तेही लिहा. माझा अर्ज मी लिहून ठेवला आहे. त्यात पहिला रस्ता एमआयडीसीचा आहे, त्या पंक्चरच्या टपरीवरून जाणारा. तिथला निंब तोडू नये, हे मी वेगळ्या ओळीत लिहिलं आहे.

नमस्कार.