लाल पिसांचा झगा कोणाचा?

आधी ही गाठ बघा. सुती दोऱ्याच्या जाळीवर एकेक पीस देठाशी आवळून बांधलंय. वरची रांग खालच्या रांगेच्या गाठी झाकते, घरावरच्या कौलांसारखी. अशा हजारो गाठी मारणाऱ्या हातांची सवय, त्यांचा धीर, या जाळीत अजून दिसतो.

हा झगा ब्रसेल्सच्या कला आणि इतिहास संग्रहालयातला. कित्येक पिढ्या तो 'मोक्तेसुमाचा झगा' म्हणून ओळखला जायचा. मोक्तेसुमा म्हणजे मेक्सिकोचा अझ्टेक सम्राट, १५२० साली वारलेला. युरोपात त्याच्या नावाचा एवढा बोलबाला होता, की समुद्रापलीकडून आलेली पिसांची उंची वस्तू सहज त्याच्या खाती जमा व्हायची.

पिसं मात्र दुसरीकडे नेतात. हा लालभडक रंग ग्वारा पक्ष्याचा. आपल्याकडच्या शराटीचा हा चुलतभाऊ. पिल्लू असतं तेव्हा करडं-तपकिरी. खारफुटीच्या चिखलातले खेकडे, कोळंबी खाता खाता लाल होत जातं. त्याचं घर दक्षिण अमेरिकेचा किनारा, मेक्सिको नव्हे. आणि जाळीवरची ही बांधणी कोपनहेगनला सापडते, १६८९ च्या शाही संग्रहाच्या यादीत नोंदलेल्या झग्यात. अभ्यासकांनी दोन्ही झगे ब्राझीलच्या तुपी भाषकांचे ठरवले ते या खुणांवरून.

तुपी तरी कोणते? त्या किनाऱ्यावर तुपिनाम्बा होते, पोतिग्वारा होते, काएते होते. एकमेकांशी लढणारे, पण बोली जवळच्या. जहाजात झगा चढवताना गावाचं नाव लिहून घ्यावं, असं कुणालाच वाटलं नाही. आज सगळ्यांवर 'तुपिनाम्बा' अशी एकच चिठ्ठी लागते. मला ती घाईची वाटते.

तरीही २००० साली जे घडलं, ते विसरता येत नाही. कोपनहेगनचा झगा साओ पाउलोच्या प्रदर्शनात आला होता. ब्राझीलच्या बाहिया राज्यातल्या ओलिव्हेन्सा गावचे तुपिनाम्बा तो बघायला गेले. हे लोक कधीच संपले, असं तोवर पुस्तकं सांगत होती. काचेसमोर उभं राहून त्यांनी तो आपला म्हणून ओळखला आणि परत मागितला.

२०२४ मध्ये तो रिओच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे परतला. सप्टेंबरात ओलिव्हेन्साची माणसं त्याला भेटायला आली. त्यांच्या लेखी तो पूर्वज आहे.