काउंटरवर टेकलेले तळवे

नमस्कार श्रोतेहो. संग्रहालयात आपण काय करतो? काचेपलीकडची वस्तू बघतो, खालची पाटी अर्धीमुर्धी वाचतो आणि पुढे सरकतो. नाणं किंवा तलवार असेल तर तेवढ्यावर भागतंही. वर्णभेद, वंशसंहार असला इतिहास मात्र पाटीवरच्या चार ओळींत मावत नाही. शेजारी टचस्क्रीन लावला म्हणूनही फारसं काही बदलत नाही. वाचायचं ते बोटानं सरकवायचं, एवढंच.

अमेरिकेतल्या अटलांटा शहरात नागरी आणि मानवी हक्कांचं राष्ट्रीय केंद्र हे संग्रहालय आहे. २०१४ साली ते सुरू झालं. तिथे उपाहारगृहात असतो तसा एक काउंटर मांडलाय. स्टूलवर बसायचं, हेडफोन लावायचे, दोन्ही तळवे काउंटरवर टेकवायचे आणि डोळे मिटायचे. मग शिव्या सुरू होतात. आवाज पाठीमागून येतो, हळूहळू अगदी कानाशी. मधेच स्टूलला हादरा बसतो, कुणी लाथ घातल्यासारखा. आणि हात तर उचलायचे नाहीत!

१ फेब्रुवारी १९६० रोजी अमेरिकेतल्याच ग्रीन्सबरो शहरात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी एका दुकानातल्या, गोऱ्यांसाठी राखलेल्या अशाच काउंटरवर जाऊन बसले. त्यांना काही दिलं गेलं नाही, तरी दुकान बंद होईपर्यंत ते हलले नाहीत. बघता बघता हे लोण शहराशहरांत पसरलं. नॅशव्हिलमध्ये तर मार खाऊनही हात उगारायचा नाही याची आधी तालीमच घेतली जाई. ‘अहिंसक प्रतिकार’ हे शब्द आपण शाळेपासून ऐकतो. त्यासाठी काय सोसावं लागलं, याची थोडी कल्पना टेकलेल्या तळव्यांतून येते. थोडीच, कारण आपण हवं तेव्हा उठू शकतो. त्यांच्यापुढे खरी माणसं होती.

दुसरा प्रयोग मला याहून जवळचा वाटतो. ज्यूंच्या वंशसंहारातून वाचलेल्यांच्या साक्षी जतन करणाऱ्या, सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शोआ फाउंडेशननं नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या माणसांना शेकडो प्रश्न विचारून त्यांची उत्तरं चित्रित केली. पडद्यावरच्या त्या माणसाला तुम्ही आपल्या शब्दांत प्रश्न विचारायचा. संगणक तो ओळखून जुळणारं उत्तर शोधतो. यांपैकी एक पिंकस गटर. मायदानेकच्या छावणीत त्यांचे आईवडील आणि जुळी बहीण मारली गेली. बहिणीचा चेहरा त्यांना आठवत नाही, आठवते फक्त तिची सोनेरी वेणी. ऐकणाऱ्याच्या मनात त्या वेणीवरून लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि तो विचारता येतो. इतिहासाशी असं बोलणं पाटीसमोर उभं राहून कधी होत नाही.

यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. उत्तरातला प्रत्येक शब्द त्या माणसानं स्वतः उच्चारलेला आहे. यंत्र फक्त निवड करतं, पदरचं काही घालत नाही. जुळणारं उत्तर नसेल, तर पडद्यावरचा माणूस तसं सांगतो आणि दुसरं काही विचारायला सुचवतो. तेही वाक्य त्यानं स्वतःच बोलून ठेवलेलं असतं.