पन्नास लाख हातात असताना

(अमळनेर येथील व्याख्यानमालेत एका निवृत्त गणित शिक्षकाने केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

अमळनेरकरांना करोडपती या शब्दाचं अप्रूप नाही. 1945 साली आपल्या गावात वनस्पती तेलाची कंपनी निघाली, तिची पुढे विप्रो झाली, आणि ज्यांनी शेअरचे कागद विकले नाहीत त्यांचं काय झालं हे या मांडवातल्या पुष्कळांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी बोलणार आहे ते दुसऱ्या करोडपतींबद्दल. खुर्चीवर बसून तासाभरात होणाऱ्या.

‘कौन बनेगा करोडपती’ 3 जुलै 2000 ला सुरू झालं. पंधरा प्रश्न, एक कोटी. त्याच वर्षी मुंबईचे हर्षवर्धन नवाथे पहिले करोडपती झाले. पुढे बक्षीस वाढत गेलं. 2005 मध्ये दोन कोटी, 2010 मध्ये पाच, 2013 मध्ये सात, 2022 मध्ये साडेसात. लोक हा आकडा लक्षात ठेवतात. जाहिरात त्याचीच असते ना! मला विचाराल तर तो सगळ्यात कमी महत्त्वाचा. बघायचं ते खाली, पडाव, म्हणजे चुकलं तरी पदरात राहणारी रक्कम, कुठे ठेवलाय तिकडे.

समजा 2000 साल आहे आणि तुम्ही शेवटच्या प्रश्नावर आहात. हातात पन्नास लाख. उठलात तर ते तुमचे. बरोबर आलं तर आणखी पन्नास मिळतात, चुकलं तर दहाव्या प्रश्नाच्या पडावावर, म्हणजे 3,20,000 वर येता. शेहेचाळीस लाख ऐंशी हजारांचा फटका. हिशेब मांडला तर साधारण अठ्ठेचाळीस टक्के खात्री असेल तरच खेळण्यात अर्थ आहे. म्हणजे दोन चुकीचे पर्याय उडवणारी फिफ्टी-फिफ्टी शेवटपर्यंत राखून ठेवली, दोन पर्याय उरले आणि दोन्हींबद्दल काहीच माहीत नसलं, तरी कागदावर किंचित फायदाच. कागदावर, बरं का.

सात कोटींच्या वेळी चित्र आणखी गमतीचं झालं. एक कोटी हातात, चुकलं की तेच तीन लाख वीस हजार. पण मिळकत सहा कोटींची, म्हणून चौदा टक्के खात्री पुरे. डोळे मिटून चारातला एक पर्याय निवडला तरी पंचवीस टक्के असते! गणित म्हणतं, खेळ. पण शहाणा माणूस उठतो. पहिल्या एका कोटीत घर होतं, पोरीचं शिक्षण होतं, कर्ज फिटतं. पुढच्या सहा कोटींत तेवढं नवीन काही होत नाही. आपला केळीवाला हे पुस्तक न वाचता जाणतो. भाव चढेल म्हणून बाग उभी ठेवली आणि मे महिन्यात वादळ आलं, की भावाचा काय उपयोग?

2022 मध्ये त्यांनी खरी सुधारणा केली. स्वातंत्र्याची पंचाहत्तर वर्षं म्हणून 75 लाखांचा नवा पडाव आणला. पीकविमाच म्हणा ना! त्या वर्षी एक कोटीचा प्रश्न चुकला तरी हातातले 75 लाख तसेच, म्हणजे तिथे उठण्यात काडीचा अर्थ नव्हता. साडेसात कोटींना चुकलं तर नुकसान फक्त पंचवीस लाख. चार टक्के खात्रीसुद्धा पुरायची. त्याच वर्षी कोल्हापूरच्या कविता चावला एक कोटी जिंकल्या आणि साडेसात कोटींच्या प्रश्नाला उठल्या. दिल्लीचा एक स्पर्धक खेळला, चुकला आणि 75 लाख घेऊन घरी गेला. गणिताचा मास्तर म्हणून मला तो मुलगा बरोबर वाटतो. माझ्या बायकोला कविताताई. आमच्याकडे हा वाद अजून मिटलेला नाही.

(श्रोत्यांतून एक आजोबा : मास्तर, त्या पैसा खरंच देतस का?)

देतात आजोबा, पण कर कापूनच हातात येतो. 1961 च्या आयकर कायद्याने ही रक्कम लॉटरी, घोड्यांच्या शर्यती आणि पत्ते यांच्या पंगतीला बसवली. त्या पंगतीत शब्दकोडीसुद्धा आहेत, म्हणजे रविवारी पेन घेऊन बसणारे आम्हीही जुगाऱ्यांच्या शेजारी! या कमाईवर सरसकट तीस टक्के. इतकं उत्पन्न करमुक्त, तितकी बचत वजा, असलं काही इथे चालत नाही. पन्नास लाखांवर गेलात की कराच्या दहा टक्के अधिभार, त्यावर चार टक्के उपकर. एकूण 34.32 टक्के. दुसरी कमाई नसेल तर एक कोटीचे उरले 65,68,000. पंचाहत्तर लाखांचे 49,26,000. म्हणजे चुकलेल्या त्या मुलाच्या खिशातून खरे गेले ते सोळा लाख बेचाळीस हजार.

हे मी घरी सांगून पाहिलं. बायको म्हणाली, सोळा लाख म्हणजे ‘फक्त’ होय?