जागा निघाली का, सर?

[सकाळ. परभणीचं बसस्थानक.]

गाडी लागली की कंडक्टर यांना 'सर' म्हणून हाक मारतो. पेपरवाला विचारतो, "सर, कायम नोकरीची जागा निघाली का?" सर नकारार्थी मान हलवतात.

आठ वर्षं झाली, सर तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवतात. उन्हाळा लागला की नेमणूक संपते, आणि नवं सत्र आलं की त्याच तासांसाठी पुन्हा मुलाखत. कागदावर याला तासिका तत्त्व म्हणतात, बोलताना सगळे सीएचबी म्हणतात. घेतले तेवढ्या तासांचे पैसे. दिवाळीच्या सुट्टीत काही नाही.

[वहीचं पान, जवळून.]

ही त्यांची तासिकांची वही. तारीख, वर्ग, घटक, सही. मानधनाचं बिल हिच्यावरूनच निघतं. मागच्या वर्षीचं बिल पाच महिने अडकलं होतं. घरी आई रोज विचारायची, "यंदा तरी कायम व्हतंय का रं?"

इथल्या माणसाला प्राध्यापकीची एवढी ओढ का, हे सरांच्याच विषयातून कळतं. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली सुरू झालं. तोवर इथली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढलं, तिथून कितीतरी घरांतला पहिला पदवीधर बाहेर पडला. १९९४ साली नांदेडला आणखी एक विद्यापीठ झालं. वर्गासमोर उभं राहणं ही या भागात कमावलेली गोष्ट आहे.

जाहिरात आली की सर आधी बिंदुनामावली, म्हणजे जागांच्या आरक्षणाचा तक्ता, बघतात. विषयाची एकच जागा, आणि ती कोणत्या प्रवर्गाला सुटली यावर सगळं ठरतं. मग पात्रता. पदव्युत्तरला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा. राखीव प्रवर्गांना टक्केवारीत सवलत. विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकासाठी ठरवलेली पीएच.डी.ची सक्ती २०२३ साली मागे घेतली. पण यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीत, विद्यापीठाच्या जागेसाठी छाननी करताना पीएच.डी.ला ३० गुण आहेत, नुसत्या नेटला ५. शिकवण्याच्या अनुभवाला वर्षाला २, जास्तीत जास्त १०. म्हणजे पाच वर्षं शिकवलं काय आणि पंधरा वर्षं शिकवलं काय, गुण तेवढेच. हा हिशेब मला अन्यायाचा वाटतो. ज्यांच्या जिवावर खेड्यापाड्यातले वर्ग चालले, त्यांची वर्षं अशी मोजू नयेत.

कायम झालं तर सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ पगार ५७,७०० रुपयांपासून सुरू होतो.

म्हणून एम.ए.च्या पोरांना सर सांगतात, नुसतं नेट काढू नका, जेआरएफसाठी, म्हणजे नेटमधूनच मिळणाऱ्या संशोधनाच्या अधिछात्रवृत्तीसाठी, झटा. २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, त्यावर पीएच.डी. पोटाला चिमटा न काढता होते. ती हुकली तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीच्या जाहिरातींवर डोळा ठेवा.

[वर्ग. फळा.]

सर फळ्यावर तारीख लिहितात : १७ सप्टेंबर १९४८. निजामाची राजवट संपली तो दिवस. पोरं वहीत उतरवतात.

तास संपतो. शेवटच्या बाकावरची मुलगी दारात थांबते. "सर, नेटचा फॉर्म भरायचाय. जातीचा दाखला कोणता लागतो?"

सर हातावरचा खडू झटकतात, तिच्या मोबाईलवर माहितीपत्रक उघडतात आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसून एकेक रकाना तिला समजावत राहतात. फाटकाबाहेर परभणीची गाडी हॉर्न वाजवते.