पॅनलचा सातबारा

नमस्कार. पुढं आयटीआयची मुलं बसलीयत, मागं कारखान्यांतले वायरमन आणि फोरमन मंडळी आहेत, त्यामुळं मी पुस्तकी बोलत नाही, शिफ्टमध्ये आपण बोलतो तसंच बोलूया. पत्रिकेवर विषय मोठा छापलाय, डिजिटल इलेक्ट्रिकल डॉक्युमेंटेशन वगैरे, पण माझ्यासाठी हा विषय एका रात्री सुरू झाला म्हणून आधी ती रात्र सांगतो.

साखर कारखान्यात माझा दुसरा हंगाम होता. जानेवारी, गाळप जोरात, यार्डात ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रांग. रात्री दोनच्या सुमारास केन कॅरियर, म्हणजे ऊस मिलकडं नेणारा कन्व्हेयर, बंद पडला आणि परत सुरूच होईना. ज्यांनी कारखान्यात काम केलंय त्यांना सांगायला नको, कॅरियर थांबला की मिल रिकामी होते, मिल रिकामी झाली की रसही थांबला आणि बगॅसही (उसाचा चोथा, बॉयलरचं जळण), मग बॉयलरवाला ओरडायला लागतो, आणि बाहेर तोडून आणलेला ऊस वाळतोय, साखरेचा उतारा घटतोय, शेतकरी शेकोटी पेटवून बसलेत आणि दर अर्ध्या तासानं कुणीतरी येऊन विचारतंय, साहेब किती वेळ?

कपाटातून ड्रॉइंग काढलं. जुनी अमोनिया प्रिंट, घडीवर फाटलेली, चिकटपट्टी लावलेली. त्या ड्रॉइंगप्रमाणे कॉन्टॅक्टरच्या (मोटर चालू-बंद करणारा स्विच) कॉइलपर्यंत सप्लाय यायला तीनच गोष्टी लागत होत्या: स्टॉप बटण, ओव्हरलोडचा (जादा भार आला की मोटर बंद करणारा) 95-96 नंबरचा कॉन्टॅक्ट आणि पुढचा रेक एलिव्हेटर चालू असल्याचा इंटरलॉक, म्हणजे तो चालू नसेल तर कॅरियर सुरू होऊ न देणारी अट. तिन्ही तपासल्या, तिन्ही ओके. तरी कॉइलच्या ए1 टोकावर व्होल्टेज शून्य. कागदावर सर्किट पूर्ण, पॅनलमध्ये अर्धवट. मग आम्ही वायर हातात धरून एकेक करत मागं जायला लागलो, निम्म्या फेरूलवरचे (वायरीच्या टोकावरच्या खुणेच्या नळीवरचे) नंबर पुसलेले, डक्ट वायरींनी इतके कोंबलेले की झाकण बसत नव्हतं. चार तास गेले. शेवटी सकाळी सहाला, रिटायर होऊन गावी गेलेल्या आमच्या जुन्या वायरमनला फोन केला, सगळे त्यांना तात्या म्हणायचे. तात्या झोपेतनं उठले आणि दोन वाक्यांत म्हणाले, "साहेब, पाठीमागच्या डक्टखाली एक बारका रिले हाय बघा, झिरो स्पीडचा. त्यो मीच टाकलाय, ऑफ सीझनला."

रिले, म्हणजे कॉइलवर चालणारा छोटा स्विच, सापडला. कॉइल जळालेली. बदलायला दहा मिनिटं लागली.

आता यात तात्यांची चूक होती असं कुणी म्हणू नका, कारण त्यांनी केलेला बदल उत्तम होता. पूर्वी इंटरलॉक घेतला होता रेक एलिव्हेटरच्या कॉन्टॅक्टरच्या 13-14 या कॉन्टॅक्टवरून, म्हणजे कॉन्टॅक्टर ओढला की एलिव्हेटर चालू आहे असं धरायचं. पण एकदा साखळी तुटली, मोटर फिरत राहिली, एलिव्हेटर जागेवर, आणि मागून कॅरियरनं ऊस लोटून ढीग केला. म्हणून तात्यांनी शाफ्टवर झिरो स्पीड स्विच बसवला, शाफ्ट खरंच फिरतोय का हे बघणारा, आणि त्याचा रिले कॅरियरच्या सर्किटमध्ये सिरीजमध्ये टाकला. इंजिनियरनं करायचं काम त्यांनी केलं. पण ते ड्रॉइंगवर आलं नाही, कारण ते कुठं लिहायचं, कुणाला सांगायचं, याची सोयच आम्ही केली नव्हती.

आणि ह्याहून मोठी गोष्ट अजून सांगायची राहिलीय. त्या रिलेला हात लावायच्या आधी आम्ही कॅरियरच्या पॅनलचा मेन आयसोलेटर बंद केला होता, कुलूप घातलं होतं. सवयीनं मी टेस्टर लावला, तर रिलेच्या कॉइलवर 110 व्होल्ट! सप्लाय येत होती शेजारच्या एलिव्हेटरच्या पॅनलमधून. टेस्टर लावला नसता तर काय झालं असतं हे मला आजही रात्री आठवतं. अशा वायरींसाठी आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 60204-1 या स्टँडर्डमध्ये वेगळा रंग सांगितलाय, नारिंगी, म्हणजे मेन बंद केल्यावरही जी वायर जिवंत राहते ती नारिंगी. आमच्याकडं ती बाकीच्यांसारखीच करडी होती. मुलांनो, हे एवढं जरी आज घरी घेऊन गेलात तरी चालेल, पॅनल बंद केलं म्हणजे आतलं सगळं मेलं असं कधी समजू नका, आणि बाहेरून येणारी सप्लाय ड्रॉइंगवर ठळक दाखवलेली असलीच पाहिजे.

मी शेतकऱ्याच्या घरातला आहे, म्हणून मला हे सातबाऱ्यासारखं दिसतं. जमीन विकली, वाटण्या झाल्या, विहीर पाडली, की फेरफार नोंदवावा लागतो, गाव नमुना 6 मध्ये. फेरफार नोंदवला नाही तर सातबारा खोटा होतो, जमीन तशीच असते पण कागद दुसऱ्याच कुणाचं नाव सांगत राहतो. ड्रॉइंग हा पॅनलचा सातबारा आहे आणि तात्यांचा रिले हा न नोंदवलेला फेरफार. आपल्या कारखान्यांत असे फेरफार किती असतील? दर ऑफ सीझनला माणसं बदलतात, कंत्राटदार बदलतो, मोटर मोठी टाकतात, स्टार्टर बदलून व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) लावतात, आणि कपाटातला कागद तसाच.

मग डिजिटल म्हणजे काय? बऱ्याच ठिकाणी मी बघतो, मॅनेजमेंट म्हणतं डिजिटल करा, मग कुणीतरी पोरगा बसवून सगळ्या प्रिंटा स्कॅन करून पेनड्राइव्हवर टाकतात आणि फोल्डरचं नाव "न्यू फायनल 2". हे डिजिटल नाही, हा खोट्या सातबाऱ्याचा फोटो आहे. फायदा एवढाच की उंदीर खाणार नाही (आणि आमच्याकडं खरंच खाल्लेलं, स्विचयार्डचं एसएलडी, म्हणजे सगळ्या सप्लायचं एका रेघेतलं ड्रॉइंग).

त्याच्या पुढची पायरी म्हणजे कॅड, कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर. ऑटोकॅड 1982 मध्ये आलं, त्यात रेघा स्वच्छ येतात, दुरुस्ती सोपी होते, पण साध्या कॅडला तुम्ही काढलेला चौकोन म्हणजे कॉइल आहे हे माहीत नसतं, त्याच्यासाठी त्या चार रेघाच. खरी गंमत पुढच्या पायरीवर आहे, ईप्लॅनसारखी सॉफ्टवेअरं, जर्मनीत 1984 पासून सुरू झालेली, किंवा ऑटोकॅडचीच इलेक्ट्रिकल आवृत्ती. तिथं तुम्ही कॉइल पान 12 वर काढली आणि तिचा कॉन्टॅक्ट पान 27 वर वापरला तर दोघं एकमेकांना ओळखतात. कॉइलखाली आपोआप लिहून येतं की 13-14 पान 27 वर आहे, 21-22 अजून रिकामा आहे. एकच कॉन्टॅक्ट दोनदा वापरलात तर सॉफ्टवेअर चूक दाखवतं. टर्मिनलची यादी, केबल शेड्यूल, सामानाची यादी त्याच माहितीतून निघते, वेगळी टाईप करावी लागत नाही. पीडीएफ काढली तरी तिच्यात कॉइलवर बोट ठेवलं की कॉन्टॅक्टच्या पानावर उडी मारता येते. त्या रात्री मी सहा पानं जमिनीवर पसरून गुडघ्यावर बसून हेच करत होतो, बोटानं.

कागद एकमेकांना ओळखत नसले तर काय होतं त्याचं जगातलं मोठं उदाहरण म्हणजे पायपर अल्फा, उत्तर समुद्रातला तेलाचा प्लॅटफॉर्म, 6 जुलै 1988. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढलेला होता. पंपाचं परमिट (दुरुस्तीच्या कामाचा परवाना) वेगळं आणि व्हॉल्व्हचं परमिट वेगळं, वेगळ्या ठिकाणी ठेवलेलं. रात्री दुसरा पंप बंद पडल्यावर शिफ्टवाल्यांनी हा चालू केला, त्यांना व्हॉल्व्ह नाही हे माहीतच नव्हतं. गॅस सुटला, स्फोट झाला, 167 माणसं गेली. त्या दुर्घटनेला इतरही कारणं होती, पण सुरुवात तिथं झाली.

आता नावांबद्दल थोडं, कारण सॉफ्टवेअर कितीही भारी घेतलं तरी नावं चुकीची असतील तर उपयोग नाही. आयईसी 81346 मध्ये एक साधी पद्धत आहे: बरोबरचं चिन्ह म्हणजे काम कुठलं, अधिकचं चिन्ह म्हणजे जागा कुठली, उण्याचं चिन्ह म्हणजे वस्तू कुठली. म्हणजे कॅरियरसाठी, एमसीसी (मोटरांच्या स्टार्टरचं मोठं पॅनल) दोनमध्ये, रिले के5. पत्रावर तालुका, गाव, घर लिहितो तसंच. आमच्या कारखान्यात "के5" नावाचे अकरा रिले होते, प्रत्येक पॅनलमध्ये एक, आणि फोनवर कुणी "के5 बदल" म्हटलं की देवाचं नाव घ्यायचं.

मालक मंडळी कुणी आली असतील तर त्यांना एक विनंती. नवीन मशीन घेताना पर्चेस ऑर्डरमध्येच लिहा की ड्रॉइंगची मूळ फाईल पाहिजे, एडिट करता येणारी, नुसती पीडीएफ नको. पीएलसीचा (मशीन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरचा) प्रोग्राम कॉमेंटसकट पाहिजे, व्हीएफडीचे पॅरामीटर पाहिजेत, पासवर्ड पाहिजेत. पैसे द्यायच्या आधी मागितलं तर मिळतं. नंतर मागितलं तर तो सप्लायर फोन उचलत नाही, आणि मग पाच वर्षांनी पीएलसी गेला की नवा पीएलसी बाजारात मिळतो पण आतला प्रोग्राम कुठंच मिळत नाही. मी हे अनुभवलंय, आठ दिवस कपाळाला हात लावून बसलो होतो.

आणि ज्यांच्याकडं महागाचं सॉफ्टवेअर घ्यायला बजेट नाही, बहुतेकांकडं नसतंच, त्यांनी काय करायचं? आम्ही केलं ते सांगतो. सातबारा कॉम्प्युटरवर आणताना सरकारनं गावोगाव चावडी वाचन केलं होतं आठवतंय? उतारे सगळ्यांसमोर वाचायचे, ज्याला चूक दिसेल त्यानं तिथंच सांगायचं. आम्ही ऑफ सीझनला पॅनलपुढं तेच केलं. एकानं ड्रॉइंग मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं पॅनलमध्ये वायर बघून "आहे" किंवा "नाही" म्हणायचं, तिसऱ्यानं लाल पेननं खूण करायची. आणि तात्यांना मुद्दाम गावाहून बोलावलं, येण्याजाण्याचे पैसे देऊन, खुर्ची देऊन. पहिल्याच पॅनलमध्ये कागदावर नसलेल्या नऊ गोष्टी निघाल्या, त्यातल्या चार तात्यांनी न बघता सांगितल्या. दिवसाला एक पॅनल, कधी दोन दिवसांना एक, दीड ऑफ सीझन गेला. मग पोरांनी बसून ते साध्या कॅडमध्ये काढलं. प्रत्येक पॅनलच्या दारावर क्यूआर कोड चिकटवला, मोबाईल धरला की त्याच पॅनलचं ताजं ड्रॉइंग, आणि एमसीसी रूममध्ये रेंज येत नाही म्हणून सगळं एका टॅबमध्ये ऑफलाइनसुद्धा. दारामागं एक छापील प्रत आणि दोरीला बांधलेलं लाल पेन, ते मात्र ठेवलंच, कारण रात्री तीनला ग्रीसच्या हातानं कुणी टॅब उघडत नाही, पण पेननं रेघ मारतो. सोमवारी सकाळी एक माणूस फिरून लाल रेघा गोळा करतो आणि फाईलमध्ये चढवतो, तारीख आणि कुणी केलं त्याचं नाव लिहून. नाव लिहायचं ते दोष द्यायला नाही, श्रेय द्यायला. तात्यांच्या रिलेपुढं आता त्यांचं नाव आहे.

बरं, माझं बोलणं इथपर्यंत. तिकडं भिंतीजवळ एक जुना स्टार्टर पॅनल आणून ठेवलाय आणि त्याची ड्रॉइंग टेबलावर आहेत, त्यात मी चार फेरफार करून ठेवलेत. तिघंजण पुढं या, एकानं वाचायचं, एकानं बघायचं, एकाकडं लाल पेन. प्लग काढलेला आहे, तरी दार उघडल्यावर आधी टेस्टर लावायचा. चला, कोण वाचतंय?