तळापर्यंत पोहोचलं का?

[दृश्य : घरचा फिश टँक. पाण्यावर पडलेले फ्लेक्स, म्हणजे माशांच्या खाण्याच्या पातळ पापड्या, त्यावर तुटून पडलेले मासे. कॅमेरा सावकाश खाली येतो.]

फ्लेक्सची चिमूट पाण्यावर पडली की वर झुंबड उडते. बार्ब, टेट्रा, गप्पी, मिनिटभरात सगळं फस्त. तळाशी येतो तो थोडासा चुरा, तोही भिजून विरत आलेला. आणि लाकडाच्या आडोशाला बसलेल्या लोचचं, तळाशी राहणाऱ्या या माशाचं, पोट या चुऱ्यावर भरेल, अशी आपली समजूत असते.

ही समजूत बहुतेकदा माशासोबतच घरी येते. ‘टँक क्लीनर आहे हो, वेगळं काही घालावं लागत नाही, खालचं उरलंसुरलं खातो.’ या उरल्यासुरल्यात काही जण इतर माशांची विष्ठाही धरतात! त्यावर ना लोच जगतो, ना कोरीडोरास हा तळाचाच छोटा कॅटफिश. आणि खरोखर उरल्यासुरल्यावरच त्याला जगवायचं ठरवलं, तर रोज उरेल इतकं खाणं टाकायला हवं. ते सडणार, पाण्यात अमोनिया वाढणार, आणि त्याचा त्रास टँकमधल्या सगळ्यांनाच.

[दृश्य : कुली लोच, अगदी जवळून.]

हा कुली लोच. याच्या तोंडाकडे लक्ष ठेवा. वाळूत तोंड खुपसलं... घास घेतला... आणि ही बघा, कल्ल्यांतून वाळू बाहेर. त्यात खाण्याजोगं जे काही होतं ते आत राहिलं.

तोंड खालच्या बाजूला, भोवती आखूड मिशा. या मिशांवर चव कळणाऱ्या पेशी असतात. त्यामुळे काळोखात, गढूळ पाण्यात, वाळूत दडलेली अळीसुद्धा याला सापडते. म्हणून तळाला टोकदार खडी नको, बारीक गुळगुळीत वाळू हवी. खडीने मिशा झिजतात, तळ घाण राहिला तरी झडतात. मग समोर पडलेलं खाणंही त्याला धड शोधता येत नाही.

[दृश्य : वेफर, म्हणजे माशांच्या खाण्याची बुडणारी चकती, तळाशी बसतो. क्लाउन लोचचा घोळका जमतो.]

रोजच्या खाण्याला बुडणारी गोळी किंवा वेफर उत्तम. फक्त पाकीट उलटून घटकांची यादी वाचा. पहिल्या जागी मासे किंवा कोळंबी असेल तर ठीक. सुरुवातच गव्हाच्या पिठाने होत असेल तर ते पाकीट तिथेच ठेवा. ‘अल्गी वेफर’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं आणि शेवाळाचं नाव यादीत पार तळाला सापडतं, तेही पाहून घ्या. लोच मात्र ते वेफर आवडीने खातात, त्यांना यादी वाचता येत नाही.

गोळीच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीनदा काहीतरी मांसल द्यावं. फ्रोजन ब्लडवर्म, किंवा डॅफ्निया आणि ब्राइन श्रिंप हे पाण्यातले बारीक कवचधारी जीव. ब्लडवर्म म्हणजे डासासारख्या दिसणाऱ्या एका माशीची अळी, लाल दिसते ती हिमोग्लोबिनमुळे. लोच त्यासाठी वेडे होतात, पण रोज तेवढंच दिलं तर आहार एकांगी होतो. जिवंत ट्युबिफेक्स, म्हणजे दोऱ्यासारखे बारीक किडे, मी तरी घालणार नाही. ते घाण पाण्याच्या गाळात वाढतात आणि सोबत रोग आणू शकतात. त्यापेक्षा गांडूळ बरं. कीटकनाशक न मारलेल्या मातीतलं, स्वच्छ धुतलेलं, बारीक चिरलेलं. फ्रीझ-ड्राय, म्हणजे गोठवून सुकवलेलं, खाणं असेल तर आधी भिजवा, नाहीतर ते तरंगत राहतं आणि पुन्हा वरच्यांचीच चंगळ.

भाजी? हो, भाजीही. काकडीची चकती, पालकाचं पान, साल काढलेला मटार. मिनिटभर उकळत्या पाण्यातून काढलं की मऊ पडतं. तरीही वर येत असेल तर स्टीलच्या चमच्याला अडकवून बुडवा. सकाळी उरलेलं काढून टाका.

[दृश्य : गोगलगायीपाशी आलेला क्लाउन लोच. संगीत थांबतं, फक्त पाण्याचा आवाज.]

आता जरा थांबू. सुमात्रा आणि बोर्निओच्या नद्यांमधला हा मासा गोगलगाय कशी खातो ते पाहण्यासारखं आहे. शंख फोडायच्या भानगडीत तो पडत नाही. शंखाच्या तोंडाशी आपलं तोंड लावतो आणि आतला जीव ओढून घेतो. मागे राहतो तो अख्खा, रिकामा शंख. आणि ऐकलंत? टिक्. टिक्. खाताना लोच असा आवाज काढतात, काचेबाहेरही ऐकू येतो.

वनस्पतींबरोबर आलेल्या गोगलगायींनी टँक भरला की लोच आणा, असा सल्ला त्यामुळेच दिला जातो. पण क्लाउन लोच फूटभर वाढू शकतो, वीस वर्षांहून जास्त जगू शकतो आणि त्याला घोळका लागतो. गोगलगायी काही आठवड्यांत संपतील. पुढची वर्षं त्याला काय घालणार, हे आणण्याआधी ठरवलेलं बरं.

तळाचे सगळे मासे असं मांसल खात नाहीत. हिलस्ट्रीम लोच वाहत्या पाण्यातल्या दगडांवरचा शेवाळाचा पातळ थर खरवडतो, त्यातले सूक्ष्मजीवही त्यासोबत पोटात जातात. त्याला चकचकीत घासलेला टँक म्हणजे उपवास.

[दृश्य : टँकचा दिवा मालवतो. मंद निळा उजेड.]

काय घालायचं याइतकंच कधी घालायचं हेही महत्त्वाचं. बरेच लोच अंधार पडल्यावर बाहेर पडतात, कुली तर खासच. दिवा मालवून अर्धा तास जाऊ द्या. वरचे मासे शांत झाले की तळाचं खाणं टाका. रात्री जागायचं नसेल तर दुसरी युक्ती आहे. एका टोकाला फ्लेक्स टाकून वरच्यांना गुंतवा आणि दुसऱ्या टोकाला प्लॅस्टिकच्या नळीतून गोळ्या थेट तळाशी सोडा. दोन-तीन ठिकाणी सोडा, कारण घोळक्यातला दांडगा मासा एकाच ढिगावर ठाण मांडतो आणि धाकटे बाजूला राहतात.

[दृश्य : दोन लोच, वरून. एक भरलेला, एक बारीक.]

पोहोचतंय का, हे माशाकडे पाहूनच कळतं. समोरून किंवा वरून पहा. डोक्यामागे पाठ दोन्ही बाजूंनी चेपल्यासारखी, पोट खपाटीला गेलेलं. हा मासा उपाशी आहे. पण असाच मासा भरपूर खात असेल आणि तरीही वाळतच चालला असेल, तर पोटात जंत असण्याची शक्यता मोठी. नव्याने आणलेल्या लोचमध्ये हे बरेचदा दिसतं. तिथे गोळ्या वाढवून उपयोग नाही. त्याला वेगळ्या टँकमध्ये घ्यावं, माशांची माहिती असलेल्या पशुवैद्याला विचारून जंतांचं औषध द्यावं आणि अंगावर मांस चढेपर्यंत दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं भरवावं.